तापीत न गेलेला हार

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राशिवाय एकच दागिना होता. तो दगडांचा हार होता. त्यात सोनं नव्हतं, पोवळं नव्हतं, मोती नव्हता. दगड तापीच्या वाळूतले आणि तोरणमाळकडून उतरणाऱ्या ओढ्यांमधले. ते घासून, त्यांना भोकं पाडून तिनं स्वतः ओवले होते.

आमचं गाव तापीच्या दक्षिणेला, रनाळ्याच्या बैलगाडीच्या वाटेवर. तिचं माहेर नदीच्या उत्तर काठाला, शहाद्याच्या बाजूला. दोन्ही घरं शेतकऱ्यांची. फरक एवढाच की तिच्या वडिलांनी तरुणपणी दुष्काळात गाव सोडून गुजरातेत खंबायतला अकीक दगडांच्या कारखान्यात काम केलं होतं. परतताना ते एक चाक, भोकं पाडायची एक कमान आणि हाताला लागलेली सवय घेऊन आले. त्यांना मुलगा नव्हता. मुलगी शिकली.

हारातले कोणतेही दोन मणी एकसारखे नव्हते. एक दुधी होता, त्यात हिरवं शेवाळ अडकल्यासारखं दिसे. एक गर्द हिरवा, त्यावर लाल ठिपके. एक मधाच्या रंगाचा. एकावर चिरलेल्या कांद्यासारखी वलयं. मधोमध लोंबणारा खडा बोराएवढा होता, धुरकट पांढरा. उजेडात धरला की त्याच्या पोटात पाणी दिसायचं. वहिनी वाकली किंवा वळली की आतला बुडबुडा सरकायचा.

तो खडा तिला पूर ओसरल्यावर नदीत सापडला होता. नंदुरबारच्या सोनारानं त्याला कोंदण करायला नकार दिला. ज्या खड्याला ग्रह नाही त्याला आपण हात लावत नाही, असं त्यानं सांगितलं. मग तिनं चांदीची तार पिळून तो खडा स्वतःच बांधला. तारेचे वेढे जरा ओबडधोबड होते. ते तिनं तसेच ठेवले.

मी त्या वर्षी घरी होतो. ज्या साप्ताहिकात मी काम शिकत होतो त्याला महायुद्धामुळे कागद मिळेना, आणि ते काही महिने बंद राहिलं. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलं आहे. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगेन.

पहिला आक्षेप शेजारणीनं घेतला. ती सून बघायला आली होती. तिनं हार हातात घेतला, बुडबुडा सरकला, आणि तिनं तो निखाऱ्यासारखा सोडून दिला.

"माय वं! आतमा काहीतरी जिवंत शे!"

"पानी शे," वहिनी म्हणाली.

"दगडमा पानी कसं जाई?"

"ते माले बी माहीत नही. पन शे."

माय, म्हणजे माझी आई, हे ऐकत होती. तिच्या स्वतःच्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ असायची, मधे पोवळी घातलेली. ती तिला तिच्या आईकडून आलेली होती. आंघोळीलाही ती काढत नसे. शेजारीण गेल्यावर तिनं सुनेला सांगितलं, "काढी ठेव ते. लोके हासतीन."

"हासू देत, माय. दगडंच शेतस. कोनाले मारी नही ऱ्हायनी."

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात घरी जोशी आले. ते आमच्या घराण्याचे जुने सल्लागार. पेरणीचा दिवस, बैलाची खरेदी, सगळं त्यांना विचारून व्हायचं. मायनं त्यांना हार दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "या खड्याचा धनी कोण?"

त्यांचं म्हणणं असं होतं. माणिक सूर्याचं, मोती चंद्राचा, पोवळं मंगळाचं, नीलम शनीचा. प्रत्येक रत्नाला धनी असतो, म्हणून त्याचं चांगलं-वाईट सांगता येतं. या खड्यांना धनी नाही. तेव्हा नीलमाला जो नियम तोच इथे लावावा. आमच्याकडे नीलम कोणी एकदम घालत नसे. आधी तो दंडाला बांधून ठराविक दिवस बघत, आणि घरात काही वाईट घडलं तर परत करत. वहिनीचा हार अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत पारखावा, लाभला नाही तर तापीत सोडावा.

मग त्यांनी एक सोपी वाटही सुचवली. असले दगड मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आगीत भाजले की पुष्कळसे लाल होतात, हे त्यांना माहीत होतं. लाल झाले की त्यांना अकीक म्हणता येईल. अकीक ओळखीचा. मग पारखायचं कारण नाही.

वहिनी दाराआडून ऐकत होती. ती तिथूनच बोलली.

"भाजेल रंग आगना ऱ्हास, दगडना नही. आनि मधला खडा आगमा टाका ते पानी उकळीसन फुटी जाई."

"एका खड्यासाठी एवढं काय?" जोशी म्हणाले.

"तोच ते हार शे, महाराज."

पारखायला ती तयार झाली. अट एकच घातली: महिनाभर हार गळ्यातून काढणार नाही, झोपतानाही नाही. पारख करायची तर पुरती करा, असं ती म्हणाली. मला तेव्हा हा तिचा भाबडेपणा वाटला. गडी-मजुरांसकट तीस-बत्तीस माणसांचं घर, बारा-पंधरा जनावरं, कापूस वेचणीचे दिवस. अशा घरात महिनाभर काही वाईट घडणार नाही, अशी पैज कोणी शहाणा लावणार नाही.

आणि घडलंच. जोडीतला डावा बैल नाल्याच्या खड्ड्यात पाय जाऊन लंगडा झाला. दूध नासलं. विहिरीवरची मोट फाटली. मला हिवताप आला, तो दरवर्षी त्याच दिवसांत यायचा. बाबा, म्हणजे माझे वडील, ओसरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा घोटा सुजला. प्रत्येक वेळी मायची नजर आधी वहिनीच्या गळ्याकडे जायची आणि मग ज्याला लागलं त्याच्याकडे.

त्याच महिन्यात गाय व्याली, कालवड झाली. कापूस गेल्या वर्षीपेक्षा बरा उतरला. या गोष्टी कोणी हाराच्या खात्यावर लावल्या नाहीत. साप्ताहिकात मला पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट अशी होती की, बातमीत कारण द्यायचं असेल तर ते कोणी सांगितलं तेही द्यावं लागतं. आमच्या घरात त्या महिन्यात कारणं पुष्कळ होती, आणि सांगणारं माणूस एकच.

तापातून उठल्यावर मी ओसरीवर उन्हात बसलो होतो. वहिनी ज्वारी पाखडत होती.

"भाऊजी, तुमना ताप बी मन्हा नावावर चढना."

"मी काही बोललो नाही, वहिनी."

"तुम्ही कसाले बोलशात? तुम्ही पेपरवाला. आठ दिवसनी लिखशात, आनि मंग म्हनशात आम्ही ते फक्त छापं."

"आमचा पेपर बंद आहे."

"म्हनीसनच ते घरमा शांतता शे," ती म्हणाली आणि सूप झाडलं. बुडबुडा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला.

अमावास्येला सगळे ओसरीवर बसले. जोशी, बाबा, माय, माझा मोठा भाऊ म्हणजे वहिनीचा नवरा, आणि मी. दादा कमी बोलणारा माणूस. त्या महिनाभर तो हाराबद्दल एक शब्दही बोलला नव्हता. जोशींनी विचारलं आणि मायनं बैलापासून घोट्यापर्यंत सगळं सांगितलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. जोशींनी निर्णय दिला. हार लाभत नाही. उद्या सकाळी तापीत सोडावा, सुनेनं स्वतःच्या हातानं.

वहिनी डोक्यावरचा पदर सावरून समोर आली. सासऱ्यासमोर सून अशी येत नसे. तिचा आवाज नेहमीचाच होता.

"मी उद्या तापीवर जासू. पन एक सांगी ठेवस. हार नदीमा गया ते मी काठवरथीन घर येवाव नही. नाव धरसू आनि तिकडे मन्हा बापकडे जासू."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. दादा पायाच्या नखाशी खेळत होता. तो मान वर न करता म्हणाला,

"मंग नावाडीले दोन जागा सांगी ठेवस."

मायनं कपाळाला हात लावला. जोशी म्हणाले की हा हट्ट आहे, नियमाला धरून नाही. तेव्हा वहिनीनं त्यांना नियमाबद्दलच विचारलं.

"गळामा जे शे त्यानामुळे घरमा वाईट व्हस, असाच ना नियम?"

"असाच."

"मंग एकच हार कसाले पारखा? मायनी माळ बी पारखा. एक महिना मन्ही व्हयनी, आते एक महिना मायनी."

"ती सोन्याची आहे. पोवळी आहेत. ओळखीची रत्नं."

"वळखीना चोर, चोर नही ऱ्हास का?"

बाबा मोठ्यानं हसले. घोटा दुखावल्यापासून ते पहिल्यांदाच हसले असावेत. मग त्यांच्या लक्षात आलं की आता त्यांनाच उत्तर द्यायचं आहे. बाबा गावात बांधाच्या भांडणांत पंच म्हणून बसायचे. दोन्हीकडची मापं एकाच दोरीनं घ्यायची, हा त्यांचा लौकिक होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं की सुनेचं म्हणणं न्यायाचं आहे. मायची माळ महिनाभर पारखावी. तोवर सुनेचा हार नदीत जाणार नाही. पण दोन्ही एकाच वेळी घरात राहिले तर दोष कोणाचा ते कळणार नाही, म्हणून हार महिनाभर घराबाहेर ठेवावा.

वहिनीनं तिथेच गळ्यातून हार काढला आणि माझ्या हातात दिला. "भाऊजी, मन्हा बापले नेई द्या. वाटमा कोनाले दाखाडू नका. कोनी आगमा भाजी टाकी."

मी दुसऱ्या दिवशी प्रकाशा गावाजवळून नावेनं तापी ओलांडली. हार धोतराच्या कनवटीला होता. तिचे वडील अंगणात चाकाशी बसले होते. लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेलं ते चाक डाव्या हातानं फिरायचं आणि उजव्या हातातला दगड त्यावर टेकायचा. मी हार पुढे केला. त्यांनी बाकीच्या मण्यांकडे पाहिलंच नाही. मधला खडा उन्हात धरला, हलवला.

"पानी शे," ते म्हणाले.

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती मधे न बोलता ऐकली. शेवटी विचारलं, "आनि ती काय म्हननी? देसू म्हननी का नदीमा?"

"नाही म्हणाली."

"मंग ठेवस. ती हो म्हननी ऱ्हाती ते मी हार घरमा लिधाच नसता. तुमनाच हातथीन नदीमा टाकी देता." त्यांनी पाण्यानं भरलेल्या एका वाडग्यात हार सोडला आणि पुन्हा चाकाला हात घातला. निघताना मला जेवायला थांबवलं, पण हाराबद्दल पुन्हा शब्द काढला नाही.

दुसरा महिना सुरू झाला. घरातली माणसं तीच, जनावरं तीच. वहिनीनं मायच्या माळेबद्दल एक अक्षर उच्चारलं नाही. तिला गरजही नव्हती. गोष्ट गावभर झाली होती. पाणवठ्यावर बायका मायला "कशी शेस?" विचारण्याआधी तिच्या गळ्याकडे बघू लागल्या. कोणाचं कोंबडं मेलं तरी कोणीतरी गमतीनं म्हणायचं, "पुतळीवाली इकडथीन गई का?" माय हसण्यावारी न्यायची. पण चार-सहा दिवसांनी ती पदर गळ्याभोवती घट्ट घेऊन बाहेर पडू लागली. माळ मात्र तिनं काढली नाही.

महिना अर्धा उलटला आणि शेतातली कडब्याची गंजी पेटली. भर दुपार होती. आम्ही सगळे विहिरीवरून घागरी घेऊन धावलो, पण कडबा वाळलेला, वारा सुटलेला. वर्षाचा चारा तासाभरात राख झाला. माणूस किंवा जनावर कोणाला इजा झाली नाही. माय शेताच्या बांधावर उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या बायका होत्या, आणि त्या गंजीकडे बघत नव्हत्या.

अमावास्येला पुन्हा ओसरीवर सगळे जमले. या वेळी जोशी जरा अवघडून बसले होते. बाबांनी विचारलं, "काय घडनं या महिनामा?"

"गंजी जळाली," जोशी हळूच म्हणाले. "मोठं नुकसान."

"मंग?"

जोशी काही बोलण्याआधी माय उसळून उठली.

"मंग काय? गंजी माळनी जाळी का? मन्हा भाऊ उना व्हता त्या दिवशी. गंजीनी सावलीमा बसीसन बिडी वढी ऱ्हायना व्हता. मी स्वतः देखं. थोटूक तठेच टाकं व्हतं त्यानी. आग बिडीनी लागनी!"

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मायनं आपल्या भावाचं नाव पंधरा दिवस लपवलं होतं. घराला कोणी आग लावली तरी माहेरच्या माणसाचं नाव न घेणारी बाई होती ती. माळेसाठी तिनं भाऊ पुढे केला.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "खरं शे, माय. आग बिडीनीच लागनी."

माय तिच्याकडे वळली.

"आनि बैल खड्डामुळे लंगडना," वहिनी म्हणाली. "मोट जुनी व्हती, ती फाटनी. बाबा पायरीवर पानी सांडेल व्हतं म्हनीसन पडनात. ते पानी मीच सांडं व्हतं, माले त्याबद्दल बोला. दगडले कसाले?"

जोशींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांचं म्हणणं बहुधा असं होतं की कारण दिसतं ते एक असतं आणि त्यामागे ग्रहाचं दुसरं असतं. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कारण मायनं गळ्यातली माळ मुठीत धरली होती आणि ती त्यांच्याकडेच रोखून बघत होती.

"ही मन्ही मायनी दियेल शे," ती म्हणाली. "नदीमा टाकाव नही. कोनी काढी दाखाडा."

मायला तसं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पण ते बोलणं मला नवीन वाटलं नाही. एका महिन्यापूर्वी त्याच ओसरीवर, त्याच जागेवरून मी ते ऐकलं होतं.

बाबांनी निकाल सांगितला. एकाच दोरीनं दोन्ही मापं सारखीच भरली आहेत. टाकायचे तर दोन्ही हार टाकावे लागतील, ठेवायचे तर दोन्ही ठेवावे लागतील. जोशींना सुपारी दिली, दक्षिणा दिली, आणि पुढच्या पेरणीचा दिवस विचारला. त्यांनी तो सांगितला. कोणाचा मान कमी झाला असं दिसू दिलं नाही. आमच्या गावात भांडण असंच संपतं.

हार आणायला या वेळी दादा गेला. नावेत त्याच्यासाठी एकच जागा लागली. परतल्यावर त्यानं हार वहिनीच्या हातात न देता मायच्या पुढे ठेवला. तो जाणून ठेवला की चुकून, हे मी कधी विचारलं नाही. मायनं तो उचलला, खडा उन्हाकडे धरला, एकदा डावीकडे कलता केला, एकदा उजवीकडे. मग सुनेकडे टाकला.

"तार नीट बसाडी नही तू," ती म्हणाली. "टोचत व्हई."

"टोचस," वहिनी म्हणाली आणि हार गळ्यात घातला.

पुढे तिनं माहेरून चाकही आणवलं. गोठ्याच्या कडेला ते बसवलं. दुपारी घरकाम आटोपलं की ती तिथे दगड घासायची. त्याला कोणी परवानगी दिली नाही, तिनं मागितलीही नाही.

त्या उन्हाळ्यात मायच्या माहेरी लग्न होतं. गंजी जाळणाऱ्या मामाच्याच घरचं. मांडवात मामी पुढे आली. बिडीची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं वहिनीच्या गळ्याकडे बोट केलं आणि चार बायकांना ऐकू जाईल असं विचारलं,

"हाई काय वं घालेल शे तुन्ही सुननी गळामा? सोनं नही भेटनं का?"

वहिनी बोलणार होती. मायनं तिला कोपरानं मागे सारलं. स्वतःच्या गळ्यातली माळ पदराबाहेर काढली, नीट सरळ केली आणि नणंदेनं भावजयीला द्यावं तसं उत्तर दिलं.

"दगडं शेतस. तुन्हाकडे शेतस का?"